टू-व्हील कमांडर फोर-व्हील करून घेतली, त्याचा रोकठोक हिशेब

अडावदपासून वर सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत बोअरमधल्या मोटारी काढणं-टाकणं हा माझा धंदा. गाडीत लोखंडी तिपाई, चेन कप्पी, मोठे पाने, केबलचं भेंडोळं आणि वर कॅरियरला बांधलेले 20 फुटी पाइप. केळीवाल्याची मोटार जळली की त्याला ‘वाफसा आल्यावर येतो’ असं सांगून चालत नाही. पावसाळ्यात पाणी कशाला लागतं, असं बाहेरचा माणूस विचारेल. पण आठ-दहा दिवस उघाड पडली की केळीला पाणी लागतंच, आणि खतंही ड्रिपमधूनच सोडतात. म्हणजे शिवारात चिखल आणि फोनवर शेतकरी, दोन्ही एकाच वेळी.

गाडी महिंद्रा कमांडर, डीआय इंजिन, 2523 सीसी, कारखान्यातून आलेली टू-व्हील, म्हणजे इंजिनची ओढ फक्त मागच्या दोन चाकांना. इंजिन मरत नाही, चेसिस दणकट, पार्ट तालुक्याच्या गावालाही मिळतात. फक्त काळ्या मातीत पाऊस पडला की मागची दोन चाकं आपापला खड्डा खोदून त्यात बसतात. मग ट्रॅक्टर बोलवा, डिझेलचे पैसे द्या, आणि वर त्याचं ऐकून घ्या: ‘फसनी ना गाडी, भाऊ? मी सांगेल व्हतं.’ पुढच्या मोसमाआधी हे बंद करायचं ठरवलं.

नवी बोलेरो कॅम्पर फोर-व्हील बघितली होती. चांगली आहे, पण माझ्या धंद्याला तो हप्ता पेलत नाही. जिप्सी घ्यावी तर जुन्या जिप्सीचे भाव आता हौशी लोकांनी आभाळाला नेऊन ठेवलेत, शिवाय ती पेट्रोलवर. म्हणून आहे तीच गाडी फोर-व्हील करायची, आणि त्यासाठी जळगावला अजिंठा चौफुलीच्या पुढं एक जीपवाले उस्ताद आहेत त्यांच्याकडं गेलो. गॅरेजला पाटी नाही. पत्र्याचं शेड, दारात चाकं नसलेल्या दोन-तीन जीप आणि लिंबाखाली खाट. चौफुलीवर कोणालाही ‘जीपवाले’ म्हणून विचारलं तर बोट दाखवतात.

आधी चांगलं सांगतो. हा माणूस काम घेण्याआधी नाही म्हणतो. माझ्या समोर एक जण बोलेरो घेऊन आला होता, त्याला सरळ परत पाठवलं. बोलेरो टू-व्हीलला पुढं कॉइल स्प्रिंगचं स्वतंत्र सस्पेन्शन असतं, त्यात जीपचा अख्खा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा कणा, बसवायचा म्हणजे पुढची अर्धी गाडी नव्यानं बनवायची. ‘तेवढ्या पैशात दुसरी गाडी घे, मामा,’ म्हणाले. कमांडरला पुढं पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत, सरळ ॲक्सल आहे, म्हणून ती होते.

मलाही पहिल्या दिवशी हो म्हटलं नाही. आधी आरटीओचं काय ते करून या, मगच गाडी खोलतो, असं म्हणाले. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीनं जे मूळ दिलंय आणि आरसीवर जे लिहिलंय, त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. जुन्या गाडीला 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी आरसी नूतनीकरणाला तपासणीसाठी उभं राहावं लागतं, तिथं हे उघडं पडतंच. अर्ज, तपासणी, विमा कंपनीला लेखी कळवणं ही सगळी पायपीट मालकाची. प्रत्येकाच्या आरसीवर वेगळं लिहिलेलं असतं, म्हणून माझ्या प्रकरणावरून तुमचं ठरवू नका, पण ॲडव्हान्स देण्याआधी हे नक्की विचारून घ्या. अपघात झाला आणि विमेवाल्यानं गाडीखाली वाकून बघितलं, तर न कळवलेला एक ॲक्सल तुमचा दावा बुडवू शकतो. गाव-शिवारात बिनकागदाच्या खूप फिरतात. त्यांचं त्यांना माहीत.

आता काम. लोकांना वाटतं पुढं एक डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गोळा, जो ओढ दोन्ही चाकांत वाटतो) लावलं, एक शाफ्ट जोडला, झाली फोर-व्हील. तसं नाही. टू-व्हील जीपमध्ये गिअरबॉक्समधून निघालेला प्रॉपेलर शाफ्ट सरळ मधोमध मागं जातो, आणि मागचं डिफरन्शियलही मधोमध असतं. फोर-व्हीलमध्ये गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस येतो, म्हणजे ओढ पुढं आणि मागं वाटणारी गिअरची पेटी. आपल्या जुन्या महिंद्रांना तो स्पायसरचा डाना-18, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या घराण्यातला. त्यातून ताकद बाजूला, उजवीकडं उतरते आणि तिथून एक शाफ्ट पुढं, एक मागं. म्हणून पुढचं डिफरन्शियल उजवीकडं सरकलेलं, आणि मागचंही. थोडक्यात मागचा ॲक्सलही बदलावा लागतो. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्टही वेगळा, त्यामुळं बॉक्स फोर-व्हीलचाच हवा. माझ्या गाडीत चार गिअरचा केएमटी-90 आणि त्याला जोडलेला डाना-18 बसला, एका मोडीत निघालेल्या महिंद्रा एमएम-540 जीपचा. ज्यानं तुम्हाला ‘फक्त पुढचा ॲक्सल टाकतो, मागचं राहू दे’ असं सांगितलं, त्याच्याकडून गाडी परत घेऊन या.

सामान उस्ताद स्वतः आणतात, बरंचसं कुर्ल्याच्या भंगार बाजारातून. तिथल्या एका व्यापाऱ्यानं पुढचा आणि मागचा ॲक्सल ‘एकाच गाडीचे, जोडी आहे’ म्हणून पाठवले होते. रंगही एकच मारलेला. उस्तादनं रंगाकडं बघितलं नाही. मागचा ॲक्सल घोडीवर ठेवला, एका बाजूचा ड्रम अडकवून पक्का केला, दुसऱ्या ड्रमवर खडूची रेघ मारली आणि एक रेघ पिनियनच्या फ्लँजवर, जिथं शाफ्ट जोडतात. मग पोऱ्याला सांगितलं, ड्रम बरोबर दोन फेरे फिरव. एक बाजू अडकवलेली असली की डिफरन्शियलमध्ये फेरे निम्मे होतात, म्हणून एक नाही, दोन. ड्रमचे दोन फेरे झाले तेव्हा फ्लँज पाच फेरे पूर्ण करून वर एक तृतीयांशापेक्षा थोडी जास्तच सरकली होती. म्हणजे 8-43 दातांचा क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी), चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.38. मग पुढचा ॲक्सल तसाच घेतला. इथं फ्लँजवरची रेघ पाचव्या फेऱ्याला पोचण्याआधीच थांबली. पोऱ्यानं परत फिरवलं, परत तिथंच. 8-39, म्हणजे 4.88.

दिसायला दोन्ही ॲक्सल सारखेच. पण असे बसवले असते तर एकाच ट्रान्सफर केसनं फिरवलेली पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त अंतर कापायला बघतात. गाडी 100 मीटर गेली तर पुढच्यांना 110 जायचंय. चिखलात ते घसरून जातं, कळतही नाही. कडक जमिनीवर मात्र कुठलातरी गिअर, क्रॉस (शाफ्टचा सांधा) किंवा शाफ्ट तुटल्याशिवाय राहत नाही. उस्तादनं फोन लावून त्या व्यापाऱ्याला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरा ॲक्सल यायला वेळ गेला, आणि तो आल्यावर त्याचेही फेरे मोजले, तेही माझ्यासमोर. या एका गोष्टीसाठी मी इथं यायला सांगेन. बाकी वेल्डिंग, रंग, पॉलिश कोणीही करतं.

पुढचा ॲक्सल बसवतानाची खरी कसरत स्टिअरिंगची. नुसता ॲक्सल पाट्यावर ठेवून यू-बोल्ट आवळले की गाडी उभी राहते, पण ॲक्सलचा कल चुकला तर वेगात पुढची चाकं थडथडतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. उस्तादनं पाट्याच्या आणि ॲक्सलच्या मधे लोखंडी पाचर टाकून कल जमवला, रस्त्यावर फिरवून आणली, परत खोलून पाचर बदलली, परत फिरवली. ट्रान्सफर केस टांगायला चेसिसला नवी आडवी बीम लागली. ती नट-बोल्टनं बसवली, चेसिसच्या लांब पट्ट्यांना गॅस लावू दिला नाही. प्रॉपेलर एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून कापून, लांबी जमवून, बॅलन्स करून आणले. मागच्या शाफ्टचे दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत नव्हते, तर जोड खोलून एक दात सरकवून परत घातला. तसाच ठेवला असता तर साठच्या पुढं अख्खी गाडी थरथरली असती.

खर्च दीड लाखाच्या आसपास, त्यात मजुरी पाचव्या हिश्शापेक्षा कमी. सगळ्यात महाग बॉक्ससकट ट्रान्सफर केस, मग पुढचा ॲक्सल. माझा जुना मागचा ॲक्सल आणि बॉक्स त्यांनी ठेवून घेतला आणि त्याचे पैसे वळते केले, भावही रास्त. पंधरा दिवसांत देतो म्हणाले होते, महिन्याच्या वर गेलं. चुकीच्या ॲक्सलचा वेळ सोडला तरी उशीर झालाच, कारण मधे लग्नसराईत पोऱ्या गायब. तारखेच्या बाबतीत यांच्यावर विसंबू नका.

गाडी ताब्यात देताना जे केलं ते मला फार आवडलं. चावी दिली नाही, शेजारी बसले आणि कडक डांबरावर मुद्दाम फोर-व्हील टाकायला लावली. मग एक पूर्ण वळण घ्यायला सांगितलं. स्टिअरिंग जड झालं, पुढची चाकं उड्या मारल्यासारखी घासायला लागली, गाडी आपोआप थांबायला बघत होती. ‘आता काढा बाहेर,’ म्हणाले. दांडा हलेना. दोन्ही हातांनी ओढला तरी नाही. कारण या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नाही, वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर जायचं असतं आणि तो पीळ आत साठत जातो. ‘रिव्हर्स टाका, सरळ मागं घ्या.’ चार-पाच हात मागं गेलो आणि दांडा बोटानं निघाला. हे एकदा हाताला कळलं की डांबरावर फोर-व्हील टाकायची हौस आयुष्यभरासाठी फिटते.

आता वापराबद्दल. मी पैसे मोजले ते पुढच्या दोन चाकांसाठी. वसूल होतायत ते लो गिअरमुळं. डाना-18 ला दोन छोटे दांडे असतात. एक पुढचा ॲक्सल जोडायचा, दुसरा हाय आणि लो. लोमध्ये टाकलं की वेग भागिले 2.46 आणि ओढ गुणिले 2.46. जिथं गाडी ताशी 10 किलोमीटरनं जायची, तिथं तेवढ्याच इंजिनच्या फेऱ्यांत ती चारनं जाते. पहिला गिअर, लो, क्लच सोडला, ॲक्सिलरेटरला पाय नाही. डीआय इंजिन आपल्या चालीनं टकटक करत बांधावर चढतं. आधी असं चढायचं तर वेग घेऊन आदळावं लागायचं. कॅरियरवरचे पाइप सरकायचे, क्लच जळल्याचा वास यायचा.

उनपदेवच्या वरच्या अंगाला एक बोअर आहे. तिकडची उतरण नाल्यात जाते आणि परत चढते, सगळी मुरूम आणि सुटे गोटे. पाइप भरलेली गाडी तिथून खाली आणायची म्हणजे ब्रेक दाबून दाबून पायाला गोळे येत. आता लोमधला पहिला गिअर ती धरून ठेवतो. ब्रेकवर पाय नुसता ठेवायचा.

चिखलातही पुढच्या चाकांची ओढ काम करते, पण तिथं फुशारकी मारू नये. पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियल साधी. पुढचं एक चाक आणि मागचं समोरच्या कोपऱ्यातलं एक चाक हवेत किंवा लोण्यासारख्या चिखलात गेलं, की तीच दोन फिरत राहतात आणि टेकलेली दोन शांत बसतात. फोर-व्हील असून गाडी उभी! बांध तिरका ओलांडला की हमखास असं होतं, म्हणून बांधाला समोरून भिडायचं. काळ्या मातीत टायरची नक्षी भरली की चाक गुळगुळीत होतं, मग चार काय आणि दोन काय. रुंद टायर टाकायचा मोह होतो, पोरं तर आधी तेच विचारतात. माझा अनुभव उलटा आहे. वरचा थर सैल आणि खाली कडक असेल तर अरुंद टायर थर कापून खाली जाऊन धरतो, रुंद वर तरंगून घसरतो. आणि केळीच्या बागेत अडकलात तर चाकाखाली केळीचं खोड टाकू नका, सगळे तेच उचलून आणतात. ते दाबलं की पाणी सुटतं आणि चाक आणखी घसरतं. बांधावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग असतोच, त्या आडव्या टाका.

पुढच्या चाकांना लॉकिंग हब टाकून घेतलेत. हब फ्री ठेवले की रस्त्यावर पुढचा ॲक्सल आतून फिरत नाही, घासणं वाचतं. त्यात एक युक्ती आहे. या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा जोडल्याशिवाय लो पडत नाही, तशी आत अडवणूकच असते. पण हब फ्री ठेवून दोन्ही दांडे टाकले की पुढचा शाफ्ट मोकळा फिरतो आणि फक्त मागच्या चाकांना लो मिळतो. कडक, खडबडीत जमिनीवर हळू जायला उत्तम, वळणावर पीळ बसत नाही. जड ओझं घेऊन चढावर मात्र असं करू नका, सगळा भार मागच्या ॲक्सलच्या शाफ्टवर येतो. उस्तादनं हे सांगितलं तेव्हा आणखी एक गोष्ट दाखवली. ट्रान्सफर केसच्या मागं एक गोल झाकण आहे, तिथं पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा जोड, लावता येतो. पूर्वी जीपवर शेतीची अवजारं चालवायला तो लावायचे. मला लगेच पाइप ओढायचा विंच दिसायला लागला. त्यांनी हात जोडले, ‘आधी ही तरी चालवा.’

तक्रारी आहेत. ट्रान्सफर केसच्या मागच्या सीलमधून ऑइल गळतं. डाना-18 गळतोच, असं सगळे जीपवाले म्हणतात, पण या गाड्यांचा हँडब्रेकचा ड्रम नेमका त्या सीलच्या मागं बसतो. गळती वाढली की 90 नंबरचं ऑइल ड्रममध्ये जातं आणि हँडब्रेक नुसता दाखवायला उरतो. माझ्या कामात गाडी उतारावर उभी करून पाइप उतरवायचे असतात, तिथं हँडब्रेक लागतोच. एकदा सील बदलून दिलं, फुकट, कुरकुर न करता. तरी थोडं पाझरतंय. आता मी चाकाखाली लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय खाली उतरत नाही आणि ऑइलची पातळी बघायला पाना गाडीतच असतो. शिवाय आतून ऑइल ट्रान्सफर केसमधून गिअरबॉक्समध्ये सरकतं, त्यामुळं दोन्हीकडं बघावं लागतं.

स्टिअरिंग आधीपेक्षा जड, वळायला जागा जास्त लागते. चोपड्याच्या बाजारात गाडी वळवताना दोनदा मागं-पुढं करावंच लागतं. डिझेल थोडं जास्त पितं, आणि ट्रान्सफर केसचा एक बारीक रडका आवाज कायम सोबत असतो. पुढच्या ॲक्सलच्या नकल (चाक वळवणारा सांधा) सीलना ग्रीस आणि पुसणं लागतं, नाहीतर चिखल आत जातो. टू-व्हीलला हे काहीच नव्हतं.

म्हणून ज्यांच्या गाडीला वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी चिखल लागतो, त्यांनी हे करू नये. त्यांना चांगले खोल नक्षीचे लग टायर आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबर पुरतो. थार 2023 पासून टू-व्हीलमध्येही मिळते, ती स्वस्तात घेऊन नंतर फोर-व्हील करू, असं हल्ली बरीच पोरं विचारतात. त्यांनी घेतानाच फोर-व्हील घ्यावी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या गाडीला हे उस्ताद हात लावत नाहीत आणि वॉरंटीही जाते. जुनी पाट्यांची जीप, रोजचं शिवाराचं काम, आणि कागद आधी सरळ, एवढं असेल तरच अजिंठा चौफुली गाठा.

पाचपैकी चार. अर्धा तारखेचा कापला, अर्धा ऑइलचा. जायचं असेल तर गाडी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) बरीच आधी टाका. आखाजी झाली की सगळ्यांना पावसाआधीच पाहिजे असते आणि शेडमध्ये जागा नसते. सामानाचे पैसे ॲक्सलचे फेरे तुमच्यासमोर मोजून झाल्यावरच द्या. उस्ताद त्याला नाही म्हणत नाहीत, खडू तेच देतात.